मिठाला पाणी सुटलं, आता सांग पाऊस येईल का?

१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद. जाळी दुरुस्त करत घरी बसलोय, लेकरंही भोवतीच असतात. त्यांना हवामान ओळखायला शिकवायची हीच वेळ. सांगू नका, विचारा.

"कालचं जाळं अजून ओलं का?" "मिठाला पाणी का सुटलं?" पाच-सहा वर्षांचं पोरही दोन-चार दिवसांत सांगतं, हवेत ओल आहे. मग म्हणा, "आता ढग अन् वारा बघून ये." एका खुणेवर पाऊस ठरवू देऊ नका. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, एवढ्यानं काही पाऊस येत नाही! अंदाज चुकला तरी रागवू नका, संध्याकाळी मिळून बघा काय झालं ते.

पण आपल्या बऱ्हाणपुरात नुसतं आभाळ बघून भागत नाही. तापी मुलताईहून येते, वाटेत मेळघाटातल्या सिपना, गडगा तिला मिळतात. तिकडं कोसळला की इथं ऊन असतानाही पाणी चढतं. पाणी गढूळ झालं, फेस अन् काडीकचरा वाहत आला, की विचारा, "पाऊस कुठं पडला असेल?" उत्तर मागून, आधी सगळ्यांनी काठ सोडायचा.

विजेशी मात्र खेळ नाही. चमकली की आकडे मोजायचे, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडलं तर डोंगा काठाला अन् सगळे पक्क्या घरात. झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नको. मोठ्यांनी मोबाईलमध्ये दामिनी ॲप ठेवावं.