गोल्फ क्लबची निवड
गोल्फ क्लबची निवड : गोल्फच्या खेळात चेंडू टोलविण्याची काठी म्हणजे क्लब. शीर्ष, दांडा व मूठ हे त्याचे तीन भाग होत. नियमांनुसार एका फेरीत खेळाडूस जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात. क्लब मागे नेऊन चेंडूवर झोकण्याच्या क्रियेस स्विंग म्हणतात. प्रत्येकाचा स्विंग निराळा असल्याने त्यास अनुरूप असा शीर्षाचा कोन व दांड्याचा ताठपणा निवडणे आवश्यक ठरते.

लॉफ्ट : दांडा उभा धरला असता शीर्षाचे मुख उभ्या रेषेपासून जितके मागे कललेले असते, त्या कोनास लॉफ्ट म्हणतात. तो सामान्यतः ड्रायव्हरमध्ये ८° ते १२°, पिचिंग वेजमध्ये ४४° ते ४८° व सँड वेजमध्ये ५४° ते ५८° असतो. त्याच क्रमांकाच्या लोखंडी क्लबचा लॉफ्ट १९७०–८० च्या तुलनेने आज कित्येक अंशांनी कमी आढळतो. म्हणून क्रमांकावर न विसंबता प्रत्यक्ष अंश पाहावे लागतात.

लॉफ्ट वाढला, की चेंडू अधिक उंच उडतो व त्याची उलट गिरकीही वाढते. या गिरकीमुळे हवेत चेंडूस वरच्या दिशेने उचल मिळते. कमी लॉफ्टने चेंडू नेहमीच लांब जातो, हा समज चुकीचा आहे. शीर्षाचा वेग कमी असेल, तर अशा क्लबने मारलेला चेंडू पुरेशी उंची व उचल न मिळाल्याने लवकर खाली येतो. अशा खेळाडूस अधिक लॉफ्टचा ड्रायव्हरच अधिक अंतर देतो. याउलट, वेगवान स्विंगला फार लॉफ्ट दिल्यास गिरकी प्रमाणाबाहेर वाढते आणि विशेषतः समोरून वारा असताना चेंडू वर चढून अंतर घटते. शीर्ष चेंडूवर खालच्या दिशेने येत असेल, तर चेंडू अधिक सखल निघतो. तेव्हा ड्रायव्हर निवडताना हेही लक्षात घ्यावे लागते.

दांडा : पूर्वी दांडे हिकरी लाकडाचे असत. सेंट अँड्रूझ येथील रॉयल अँड एन्शंट क्लबने पोलादी दांड्यांस १९२९ मध्ये मान्यता दिली. १९७० नंतर ग्रॅफाइटचे हलके दांडे प्रचारात आले. ताठपणावरून लेडीज, सीनियर, रेग्युलर, स्टिफ व एक्स्ट्रा स्टिफ असे पाच प्रकार सामान्यतः मानतात. ड्रायव्हरच्या शीर्षाचा वेग ताशी सु. १२० किमी.पेक्षा कमी असल्यास पहिला, १२० ते १३७ किमी. असल्यास दुसरा, १५३ किमी.पर्यंत तिसरा, १६९ किमी.पर्यंत चौथा व त्याहून अधिक असल्यास पाचवा, असा स्थूल संकेत आहे. मात्र या प्रकारांना सर्व उत्पादकांचे समान प्रमाण नाही. एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका ताठ असू शकतो. नावे वय व लिंगसूचक असली, तरी निकष वेगाचाच असतो.

दांडा फार ताठ असल्यास चेंडू सखल व उजव्या हाताच्या खेळाडूच्या उजवीकडे जाण्याचा, तर फार लवचिक असल्यास उंच व डावीकडे जाण्याचा कल असतो. तथापि हा परिणाम लॉफ्टच्या मानाने लहान असून व्यक्तिपरत्वे बदलतो. स्विंगची लय झटक्याची असल्यास त्याच वेगासही ताठ दांडा मानवतो. दांड्याच्या वजनाचाही लयीवर परिणाम होतो.

चाचणी : रडार किंवा कॅमेऱ्यावर आधारित यंत्राने शीर्षाचा वेग, चेंडूचा उड्डाणकोन व गिरकी मोजतात. एका वेळी एकच घटक बदलून प्रत्येक क्लबने अनेक टोले मारावेत. एखाद्या सर्वांत लांब टोल्याऐवजी सरासरी अंतर व दिशेतील फैलाव यांवरून निर्णय घ्यावा. यंत्र नसल्यास चेंडूची उंची व दिशा यांचे निरीक्षण उपयोगी पडते. नवशिक्यांस बहुधा दुसऱ्याचे जुने क्लब मिळतात. ते न मानवणारे असल्यास चेंडू उचलण्यासाठी खेळाडू नकळत स्विंग बिघडवितो व दोष स्वतःचाच मानतो. हा बिघाड पुढे योग्य क्लब मिळूनही सहजासहजी सुटत नाही. म्हणूनच शिक्षणाच्या आरंभीच क्लब तपासून घेणे हितावह ठरते.