घटकाभर टेका! दमलेल्या शिवारासाठी आठ चटपटीत गोष्टी

कांद्याची काढणी, टोमॅटोचा तोडा, उसाची तोड आणि वर रात्रीची मोटर. जुन्नर-आंबेगावात काम संपत नाही, माणूस मात्र दमतो. दमलेल्या माणसाच्या चुका ठरलेल्या असतात, आणि त्या टाळायच्या युक्त्याही. एक कप चहा संपेपर्यंत वाचून होतील.

1. दोन हजार वर्षांपूर्वीचा थांबा
कोकणातून नाणेघाट चढून आलेल्या व्यापाऱ्यांना आणि त्यांच्या हमालांना माथ्यावर काय मिळायचं? सातवाहनांच्या काळात कोरलेलं लेणं, त्यात भिंतीलगत बसायला कट्टे आणि जवळच पाण्याची टाकी. राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख याच लेण्यात आहे. सावली, बसायला जागा आणि पाणी! आजही कित्येक कामांवर या तिन्ही गोष्टी एकत्र सापडत नाहीत.

2. रविवार आपल्याच जिल्ह्याचा
आठवड्याची सुट्टी आकाशातून पडली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांचं घराणं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं. 1884 साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, मालकांशी झगडा मांडला आणि 10 जून 1890 पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढच्या रविवारी लोळताना त्यांची आठवण काढायला हरकत नाही.

3. थेंबही न घेता झिंग
सलग 17 तास जागं राहिलं की माणसाची चपळाई 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असल्याइतकी मंदावते, असं संशोधन सांगतं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 30 आहे! आता हिशेब करा: पहाटे पाचला धारा काढायला उठलेल्या शेतकऱ्याचे 17 तास रात्री दहाला भरतात. रात्रीची लाइट असेल तर नेमका त्याच सुमारास तो ओल्या पायांनी स्टार्टरच्या पेटीला हात घालतो. दिवसा वीज द्या, ही मागणी म्हणूनच चैनीची नाही. 2017 साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना तिच्यासाठीच आहे. तोवर पायात रबरी बूट, हात कोरडे आणि सोबतीला एक माणूस.

4. चार सेकंदांत 67 मीटर
नारायणगावचा टोमॅटो भरून पिकअप निघाला. वेग ताशी 60 किलोमीटर. चालकाचा डोळा फक्त चार सेकंद लागला, तरी तेवढ्यात गाडी सुमारे 67 मीटर पुढे गेलेली असते, कुणाच्याही ताब्यात नसताना. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर शरीर आपणहून झोपेकडे झुकतं. काच खाली केली, गाणी मोठ्याने लावली, तरी झोप जात नाही. ती झोपूनच जाते.

5. आधी चहा, मग डुलकी
उलटं वाटतं ना? चहातली तरतरी अंगात भिनायला वीसेक मिनिटं लागतात. म्हणून चहा पिऊन लगेच गाडी कडेला, सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटं झोपा. उठाल तेव्हा डुलकी आणि चहा दोन्हींचा गुण एकदम येईल. तासभर ताणून दिलीत तर मात्र उठल्यावर डोकं जड होतं. स्टिअरिंग हातात घेण्याआधी थोडं चाला.

6. तहान लागायची वाट पाहू नका
उन्हाच्या कामात दर पंधरा-वीस मिनिटांनी कपभर पाणी प्यावं. नव्या मजुराला पहिल्याच दिवशी पूर्ण काम लावू नये. पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा, मग रोज थोडं थोडं वाढवत न्यावं. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. बोलणं अडखळलं, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला, की सावलीत न्या, अंगावर पाणी ओता आणि 108 ला फोन करा.

7. वाकलेला माणूस आणि बिबट्या
उभा माणूस बिबट्याला माणूस दिसतो. खुरपायला वाकलेला, बसलेला माणूस त्याला छोट्या जनावरासारखा वाटू शकतो. शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला 2025 साली शेतकरी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात उतरले, ते याच भीतीने. दमलेला माणूस आजूबाजूला कमी बघतो, म्हणून एकटं जाऊ नका, मोबाइलवर गाणी लावा, बोलत राहा. ऊस तोडताना पिल्लू दिसलं तर हात लावू नका, फोटोसाठी उचलू तर मुळीच नका. फड थांबवा, लांब सरका आणि वनविभागाला 1926 वर कळवा. पिल्लू आईला परत मिळालं की तीही शांत, फडही शांत.

8. विठाबाईंची गोष्ट, नव्याने
तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर प्रयोग चालू असतानाच बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही गोष्ट कलानिष्ठेची म्हणून सांगितली जाते. निष्ठेला सलाम, पण त्या माउलीला सुट्टी कुणी दिली नाही, हेही त्याच गोष्टीत आहे. 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे, ती आस्थापनांमधल्या नोकरदार बाईला. टनावर मजुरी घेणाऱ्या ऊसतोड बाईचा मात्र एक दिवस चुकला की खाडा.

तेव्हा बागायतदार, मुकादम आणि गाडीमालक मंडळींनो, विसाव्याचे पैसे कापू नका. अपघाताचा खर्च त्याहून फार मोठा असतो. आणि कष्टकरी ताई-दादांनो, डोळे मिटायला लागले की ‘थोडंच राहिलंय’ म्हणू नका. राहिलेलं काम सकाळी होतं.