ऐकू येत नाही, तरी म्युझिकलमध्ये मुख्य भूमिका! ब्रॉडवेवर हे कसं घडलं?

न्यूयॉर्कच्या ब्रूक्स ॲटकिन्सन थिएटरमध्ये २७ सप्टेंबर २०१५ रोजी एका गाजलेल्या म्युझिकलचा पुन्हा शुभारंभ झाला. नाटकाची नायिका वेंडला झाली होती सँड्रा मे फ्रँक, आणि तिला ऐकू येत नाही. मॉरिट्झ या दुसऱ्या महत्त्वाच्या भूमिकेतला डॅनियल ड्युरंटही बधिर. दोघांच्याही वाट्याला गाणी होती. आता गाणी कानांनी ऐकताच येत नसतील, तर ती म्हणायची कशी? सूर-ताल कसा पकडायचा? आणि मुळात म्युझिकलच का, साधं गद्य नाटक का नाही?

नाटक होतं 'स्प्रिंग अवेकनिंग'. ते रंगमंचावर आणलं लॉस एंजेलिसच्या 'डेफ वेस्ट थिएटर'ने.

आधी नाटकाची गोष्ट

जर्मन नाटककार फ्रांक वेडेकिंड यांनी १८९१ मध्ये किशोरवयीन मुलांवर एक नाटक लिहिलं. वयात येणाऱ्या मुलांना मोठी माणसं काहीच सांगत नाहीत, आणि त्याची किंमत मुलं मोजतात, असा त्याचा विषय. मूल कसं होतं, असं वेंडला आईला विचारते. आई लाजून विषय टाळते. पुढे वेंडलाला दिवस जातात आणि चोरून केलेल्या गर्भपातात तिचा जीव जातो. अभ्यासात मागे पडलेला मॉरिट्झ शाळेच्या आणि वडिलांच्या दडपणाखाली आत्महत्या करतो.

या नाटकावर स्टीव्हन सेटर (संहिता आणि गीतं) व डंकन शीक (संगीत) यांनी रॉक म्युझिकल केलं. ते २००६ च्या डिसेंबरमध्ये ब्रॉडवेवर आलं आणि २००७ मध्ये सर्वोत्कृष्ट म्युझिकलसह आठ टोनी पुरस्कार घेऊन गेलं. ते बंद झालं २००९ मध्ये. म्हणजे अवघ्या सहा-सात वर्षांत तेच नाटक पुन्हा ब्रॉडवेवर. इतक्या लवकर रिव्हायव्हल करायचं, तर त्याला तसंच कारण लागतं. दिग्दर्शक मायकल आर्डेन यांच्याकडे ते होतं.

मिलानचा ठराव

हे कारण समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात बधिर मुलांच्या शिक्षणावर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शाळांमधून सांकेतिक भाषा हद्दपार करावी आणि मुलांना फक्त तोंडाने बोलायला व ओठ वाचायला शिकवावं, असा ठराव तिथे झाला. ठराव करणाऱ्यांमध्ये बधिर माणसं जवळपास नव्हतीच. पुढची कित्येक दशकं युरोप-अमेरिकेतल्या अनेक शाळांमध्ये हातांनी बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत राहिली. तोंडी शिक्षणाच्या या पद्धतीला 'जर्मन पद्धत' असंच नाव होतं, कारण अठराव्या शतकात जर्मनीतल्या लाइपझिगच्या शाळेत ती रुजली होती. बधिरांच्या शिक्षणावरच्या याच परिषदेने मिलानच्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला तो थेट २०१० मध्ये, व्हँकुव्हरला.

वेडेकिंडचं नाटक जर्मनीतलं आणि मिलाननंतर अकरा वर्षांनी आलेलं. आर्डेन यांनी हे दोन धागे जोडले. त्यांच्या प्रयोगात वर्गातले मास्तर मुलांकडून तोंडी लॅटिन म्हणवून घेतात. मॉरिट्झला ते जमणं शक्यच नाही. मूळ नाटकात तो अभ्यासात कच्चा मुलगा वाटतो. इथे त्याची भाषाच शाळेत चालत नाही. संहिता तीच ठेवूनही त्याच्या मरणाचा अर्थ बदलतो.

वेंडला आणि आईच्या प्रसंगाचंही तसंच. अमेरिकेत दहापैकी नऊहून जास्त बधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात आणि त्यातल्या अनेकांना सांकेतिक भाषा नीट येत नाही. त्यामुळे 'आई मला काही सांगत नाही' ही वेंडलाची तक्रार बधिर प्रेक्षकाला आपल्या घरातली वाटू शकते. डेफ वेस्टच्या प्रयोगाची खरी ताकद इथे आहे. बधिर कलाकारांना 'संधी द्यायची' म्हणून कुठलंही नाटक उचललं असतं, तर कौतुक झालं असतं, पण नाटकाला नवं काही मिळालं नसतं.

एक भूमिका, दोन माणसं

आता मुख्य प्रश्न: गाणी कोण गातं?

फ्रँक अमेरिकन साइन लँग्वेजमध्ये, म्हणजे एएसएलमध्ये, वेंडलाचं गाणं हातांनी, चेहऱ्याने, अंगाने म्हणते. त्याच वेळी केटी बोएक ही ऐकू येणारी गायिका गिटार घेऊन ते गाते. मॉरिट्झसाठी आवाज ॲलेक्स बोनिएलोचा. आपल्याकडच्या पार्श्वगायनाची आठवण होईल, पण फरक मोठा आहे. इथे गायक लपलेला नाही. तो त्याच रंगमंचावर, त्याच पात्राचा मनातला आवाज म्हणून वावरतो. सुरुवातीलाच वेंडला आरशाच्या चौकटीसमोर उभी असते आणि पलीकडे प्रतिबिंबाच्या जागी तिचा आवाज. प्रेक्षकाला जोडीचा नियम तेवढ्यात कळतो.

नायक मेल्किओर मात्र एकच: ऑस्टिन मॅकेन्झी. तो ऐकू येणारा, त्यामुळे तो गातही होता आणि हातांनी बोलतही होता. दोन भाषा एकदम सांभाळणं ऐकायला सोपं वाटतं, पण एएसएलचं व्याकरण इंग्रजीपेक्षा वेगळं आहे. शब्दांचा क्रम वेगळा. भुवया उंचावल्या की वाक्याचा प्रश्न होतो. एखादं पात्र हवेत ज्या जागी 'ठेवलं', त्या जागेकडे बोट दाखवलं की तेच त्याचं सर्वनाम. म्हणून गीतांचं शब्दाला शब्द भाषांतर चालत नाही. आधी ओळीचा अर्थ शोधायचा, मग त्यासाठी खुणा, आणि त्या खुणा संगीताच्या नेमक्या मात्रांमध्ये बसवायच्या. गेय अनुवाद करणाऱ्यांना ही डोकेदुखी ओळखीची वाटेल.

तालाचं काय?

ठेका कधी सुरू होतो, हे बधिर नटाला कळतं कसं? बासचे हादरे जमिनीतून जाणवतात हे खरं, पण तेवढ्यावर प्रयोग होत नाही. स्पेन्सर लिफ यांच्या नृत्यरचनेत इशारे विणलेले होते. कुणी खांद्याला हात लावतं, कुणी समोरून जातं, कुणी ठरलेल्या क्षणी श्वास घेतं. कधी दिव्याचा बदल हाच इशारा. प्रेक्षकाला ती नुसती हालचाल दिसते. बाकीचं काम तालमीचं. मोजून मोजून गाणं अंगात भिनवायचं आणि रोज तितक्याच वेळात म्हणायचं.

प्रकाशयोजनेचं महत्त्वही इथे भलतंच वाढतं. अंधारात उभा असलेला नट एरवी निदान ऐकू तरी येतो. सांकेतिक भाषेत हातांवर आणि चेहऱ्यावर उजेड नसेल, तर वाक्यच नाहीसं होतं. बेन स्टँटन यांच्या प्रकाशयोजनेला टोनीचं नामांकन मिळालं, ते पटण्यासारखं आहे.

हे पहिल्यांदाच झालं का?

नाही. एड वॉटरस्ट्रीट या बधिर रंगकर्मीने १९९१ मध्ये डेफ वेस्ट सुरू केलं. 'हकलबरी फिन'वर आधारित 'बिग रिव्हर' हे म्युझिकल त्यांनी २००३ मध्ये ब्रॉडवेवर नेलं होतं. टायरोन जिओर्डानो हा बधिर नट हक झाला. त्याचा आवाज होता डॅनियल जेन्किन्स, जो १९८५ च्या मूळ प्रयोगात स्वतःच हक होता! त्यातला एक क्षण आजही सांगितला जातो. समूहगान रंगात असताना आवाज एकदम थांबतो आणि सगळे कलाकार गाणं शांततेत, फक्त हातांनी पुढे नेतात. थोडा वेळ ऐकू येणारे प्रेक्षक पलीकडच्या बाजूला जाऊन बसतात.

मग पुढे काय झालं?

'स्प्रिंग अवेकनिंग'चे प्रयोग आधीपासूनच मर्यादित होते. ते २४ जानेवारी २०१६ ला थांबले. व्हीलचेअर वापरणारी अली स्ट्रोकर याच नाटकातून ब्रॉडवेवर आली. व्हीलचेअरवरून ब्रॉडवेवर काम करणारी ती पहिली अभिनेत्री. २०१९ मध्ये 'ओक्लाहोमा!'साठी तिने टोनीही जिंकला. ड्युरंट आणि याच संचातल्या ऑस्करविजेत्या मार्ली मॅटलिन पुढे 'कोडा' चित्रपटात दिसले. त्यात बापाचं काम करून ऑस्कर मिळवणारा ट्रॉय कोट्सर 'बिग रिव्हर'मधला.

नाटकाला २०१६ च्या टोनीत सर्वोत्कृष्ट रिव्हायव्हल, दिग्दर्शन आणि प्रकाशयोजना अशी तीन नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. ते साल 'हॅमिल्टन'चं होतं. त्यातही गंमत अशी, की नाटक बंद झालेलं असल्याने सोहळ्यात एक गाणं सादर करायलाही पैसे नव्हते. ते लोकवर्गणीतून उभे करावे लागले.

पैशाचा मुद्दा बाजूला ठेवता येत नाही. एका भूमिकेला दोन कलाकार, तालमीत आणि विंगेत दुभाषे, भाषांतरासाठी वेगळी टीम, म्हणजे खर्च नेहमीपेक्षा जास्त. ब्रॉडवेचा निर्माता आधी हाच हिशेब करतो. 'बिग रिव्हर' आणि 'स्प्रिंग अवेकनिंग' यांच्यात बारा वर्षं गेली. २०२४ मध्ये डेफ वेस्टने 'अमेरिकन इडियट' हे रॉक म्युझिकल केलं, ड्युरंटलाच मुख्य भूमिकेत घेऊन. ते झालं लॉस एंजेलिसच्या मार्क टेपर फोरममध्ये.