गोड कांद्याचं ड्रेसिंग: घरी करताना आणि बाटलीत भरताना

आजचा विषय ऐकून काही जण हसले, ते आम्ही पाहिलं. ड्रेसिंग म्हटलं की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे आधी दवाखान्यातली पट्टीच आठवते. आज बोलायचं आहे ते सॅलडवर, म्हणजे कच्च्या भाजीवर ओतायच्या ड्रेसिंगबद्दल, आणि त्यातही गोड कांद्याच्या. शहरातल्या दुकानांत त्याच्या बाटल्या मिळतात. बचत गटाच्या बायकांनी हा पदार्थ विचारला म्हणून आपण तो घेतला. त्यांचे प्रश्न दोन होते: घरी कसं करायचं, आणि करून विकता येईल का. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यासाठी थोडं थांबावं लागेल.

तसं पाहिलं तर पदार्थ आपल्याला नवा नाही. मेथीची कोवळी पानं, पातीचा कांदा, वरून कच्चं तेल, मीठ, तिखट आणि फल्लीचा कूट घालून आपण घोळाणा करतोच. पानाला तेल लागलं की मीठ-तिखट पानाला धरून राहतं आणि कडवटपणा जिभेला कमी जाणवतो. ड्रेसिंगचं कामही हेच. फरक इतकाच की त्यात तेल, आंबट आणि चव आधीच एकजीव करून ठेवलेली असते.

आता गोड कांदा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात विडालिया नावाचं गाव आहे. १९३१ च्या सुमाराला तिथल्या एका शेतकऱ्याच्या लक्षात आलं की आपल्या शेतातला कांदा तिखट लागत नाही. त्या कांद्याचं पुढे एवढं नाव झालं की १९८६ मध्ये राज्याने कायदा करून 'विडालिया' हे नाव ठरावीक भागातल्या कांद्यापुरतं राखून ठेवलं. दुकानातल्या बाटलीवरचा 'गोड कांदा' तो या जातीचा. पण गंमत अशी की या कांद्यात साखर काही जास्त नसते. आपल्या नेहमीच्या तिखट कांद्यातही जवळपास तेवढीच साखर असते. तिथल्या रेताड जमिनीत गंधक कमी, म्हणून कांद्याला तिखटपणा तयार करायला माल मिळत नाही, आणि मुळात असलेली साखर जिभेला कळते. आपल्याकडे अलिबागचा पांढरा कांदा असाच सौम्य म्हणून प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण तो अलिबागला. आरमोरीच्या नाहीतर मूलच्या बाजारात आपल्या पिशवीत पडतो तो बहुतेक बाहेरून आलेला लाल उन्हाळी कांदा. तो तिखट असतो, म्हणूनच पावसाळाभर टिकतो. गोड कांद्यात पाणी जास्त, तो लवकर सडतो. तेव्हा गोड कांदा शोधत फिरण्यात अर्थ नाही. असलेल्या कांद्याचा तिखटपणा थांबवायचा, एवढंच काम आहे.

ते कसं थांबतं हे कळायला कांद्याच्या आत डोकवावं लागेल. कांद्याच्या प्रत्येक पेशीत दोन खोल्या आहेत असं समजा. एका खोलीत गंधक असलेला, वास नसलेला पदार्थ. दुसऱ्या खोलीत एक विकर, म्हणजे एन्झाइम. कांदा अख्खा आहे तोवर दोघांची भेट होत नाही, म्हणून अख्ख्या कांद्याला फारसा वास नसतो. विळीने चिरला की मधली भिंत फुटते, विकर त्या पदार्थाला तोडतं, आणि काही क्षणांत तिखट वास आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या त्या वायूसाठी आणखी एक वेगळं विकर लागतं. हे जपानमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं आणि त्याबद्दल त्यांना २०१३ चं 'इग नोबेल' मिळालं. हे बक्षीस आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. आपल्या बायकांना रोज रडवणाऱ्या गोष्टीवर कुणीतरी इतकी वर्षं घालवली, याचं आम्हाला तरी कौतुकच वाटतं.

विकर हे प्रथिन आहे, आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखं तेही उष्णतेने बिघडतं. म्हणून कांदा चिरायच्या आधी शिजवला तर दोन खोल्यांची भेट होते तेव्हा विकर मेलेलं असतं. तिखटपणा जन्मालाच येत नाही. चिरून मग परतलेला कांदाही गोड होतो, पण त्याला वेळ आणि तेल दोन्ही जास्त लागतं. चुलीच्या आरात सालासकट पुरून भाजलेला कांदा खाल्लेल्यांना हे वेगळं सांगायला नको. अर्ध्या तासात तो दाबला की मऊ लागतो, वरची काळी सालं काढून टाकायची. घरी गॅस असेल तर थेट ज्योतीवर भाजू नका. वरून कोळसा होतो आणि मधला गाभा कच्चा राहतो, म्हणजे तिखटही राहतो. त्यापेक्षा सालासकट कुकरमध्ये तीन शिट्ट्या, मग वाटल्यास वासापुरता ज्योतीवर धरायचा.

आता प्रमाण सांगतो, लिहून घ्या. मध्यम आकाराचे तीन कांदे असे भाजून, सोलून घ्या. चार लिंबांचा रस, म्हणजे साधारण चार मोठे चमचे. तेलही चार मोठे चमचे. एक लहान चमचा मीठ, अर्धा लहान चमचा मोहरीची पूड, एक मोठा चमचा किसलेला गूळ, थोडी मिरपूड. तेल सोडून सगळं मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटा, मग मिक्सर चालू ठेवून तेलाची बारीक धार सोडा. एकदम ओतलंत तर तेल वर तरंगेल. तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत. तेलाचे बारीक थेंब करून त्यांना वेगवेगळं धरून ठेवणारं कुणीतरी लागतं. बाजारच्या बाटलीत ते काम अंड्याचा बलक किंवा कारखान्यात तयार केलेला डिंक करतो. आपल्याकडे मोहरी थोडं करते, कांद्याचा गर थोडं करतो, आणि सगळ्यात छान करतं ते जवस.

जवसाबद्दल जरा सविस्तर बोलू या. धान निघाल्यावर बांधीतल्या ओलीवर लाखोळी आणि जवस टाकायची पद्धत आपल्या भागात जुनी आहे. जवसाची चटणी आपण खातो, पण जवसाचा चिकटपणा आपण वापरत नाही. एक मोठा चमचा जवस कपभर पाण्यात पाच-सात मिनिटं उकळा आणि गरम असतानाच गाळा. अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत पाणी मिळेल. त्यातलं तीन चमचे वरच्या वाटणात घाला, तेल वेगळं व्हायचं नाव घेणार नाही. अंडं न खाणाऱ्या घरांचा प्रश्नही मिटला.

तेल मात्र कुठलं? फल्लीचं चांगलं. जवसाचंही चालतं, किंबहुना जवसाचं तेल वापरायची योग्य जागा हीच, कारण ते तापवलं की बिघडतं. त्यात अर्ध्याहून अधिक भाग ओमेगा-तीन प्रकारच्या आम्लाचा असतो, आणि ते हवेने, उजेडाने, उन्हाने लवकर खवट होतं. लहान बाटली घ्या आणि अंधारात ठेवा. मोहाच्या टोळीचं तेल, कुणी टोरीचं म्हणतं, ते इथे उपयोगाचं नाही. थंडीत ते थिजतं, आणि पानावर मेणासारखा थर बसतो. ते फोडणीलाच बरं.

मोह मात्र दुसरीकडून आत येऊ शकतो. गुळाऐवजी मोहफुलं घ्या. वाळलेल्या फुलाच्या वजनात अर्ध्याहून जास्त साखरच असते. फुलाच्या आतले केसर झाडून काढायचे, दोनदा धुवायचं, बुडेल इतक्या पाण्यात शिजवून, गाळून, तो रस मधासारखा दाट होईपर्यंत आटवायचा. त्याला एक भाजल्यासारखा वास येतो आणि तो भाजलेल्या कांद्याशी छान जमतो. आमच्या मते गुळापेक्षा सरस. मोहफुलं म्हटलं की लोकांना दारूच आठवते. पण २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे निर्बंध हटवले आहेत, तेव्हा स्वयंपाकघरात ती आणायला संकोच नको. जंगलातला मध वापरलात तरी चालेल, फक्त एक वर्षाखालच्या बाळाला तो चाटवू नका.

हे ड्रेसिंग काकडी, टमाटर, मुळा, पत्ताकोबी, मोड आलेले मूग, कशावरही घाला. वरून भरपूर सांबार. नागपूरच्या पलीकडून ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.

आता दुसरा प्रश्न. बाटलीत भरून विकता येईल का?

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया शहरात २८ जण एकाच आजाराने रुग्णालयात गेले. कारण निघालं परतलेला कांदा. कांदा चिरून चरबीत परतला होता आणि कोमट जागी तसाच ठेवून दिवसभर वाढला जात होता. १९८५ मध्ये कॅनडात, व्हँकुव्हरला, तेलात ठेवलेल्या लसणाने ३६ जणांना तेच झालं. आजाराचं नाव बॉट्युलिझम. त्याचा जंतू मातीत राहतो, आणि कांदा-लसूण मातीतच वाढतात. जंतूचे बीजाणू इतके चिवट असतात की उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. कांदा भाजला, आपल्याला वाटलं सगळं मेलं. पण बीजाणू शिल्लक राहतात आणि संधीची वाट पाहतात. त्यांना हवा नको असते, ओल हवी असते, ऊब हवी असते आणि आंबटपणा नको असतो. तेलाखाली दडपलेला शिजलेला कांदा मे महिन्यातल्या चंद्रपुरात ठेवा, पारा ४५ च्या वर. त्यांना हवं ते सगळं मिळालं. आणि विष तयार झालं तरी वास, रंग, चव बदलेलच असं नाही. आपल्या आज्या हुंगून सांगायच्या तसं इथे चालत नाही.

त्या विषाने दोन-दोन दिसायला लागतं, पापण्या जड होतात, गिळता-बोलता येत नाही, पुढे श्वासाचे स्नायू थकतात. खाल्ल्यावर बहुधा १२ ते ३६ तासांत हे सुरू होतं. असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.

मग लोणचं वर्षभर कसं टिकतं? चांगला प्रश्न, समोरून आत्ताच आला. लोणच्यात तेल असतं, पण त्याला वाचवतं ते तेल नाही. वाचवतो कैरीचा किंवा लिंबाचा आंबटपणा आणि भरपूर मीठ. आंबटपणा मोजायच्या मापाला पीएच म्हणतात. आकडा जितका कमी तितकं आंबट. ४.६ च्या खाली हा जंतू वाढत नाही. कांद्याचा आकडा पाचच्या वर, लिंबाच्या रसाचा दोन-अडीचच्या आसपास. म्हणजे आपल्या प्रमाणातली ती चार लिंबं चवीपुरती नाहीत. 'आंबट झालं' म्हणून दोन लिंबं कमी करायची आणि बाटली आठ दिवस ठेवायची, हे दोन्ही एकत्र करू नका. आंबट नको असेल तर गूळ वाढवा, लिंबू कमी करू नका. कांदा बारीकच वाटायचा, कारण मोठ्या फोडीच्या आत आंबटपणा लगेच पोचत नाही.

घरासाठी म्हणाल तर लिंबू पूर्ण घालून, फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस. फ्रीज नसेल किंवा वीज जाऊन-येऊन असेल तर एका जेवणापुरतंच करा. विक्रीसाठी मात्र प्रत्येक घाण्याचा पीएच मोजून तो चारच्या खाली आहे हे पाहणं, प्रयोगशाळेतून तपासून घेणं आणि २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करणं, हे सगळं लागेल. हे जमत नसेल तर ओली बाटली विकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. प्रदर्शनात मांडलेली बाटली टेबलावर उन्हात किती तास राहील, आणि घेणारा ती घरी कुठे ठेवेल, हे आपल्या हातात नसतं.

पण मग विकायचं काय? कोरडं मिश्रण. आपला मे महिना ओल्या बाटलीचा शत्रू, आणि वाळवणाचा मित्र. अख्खे कांदे कुकरमध्ये एका शिट्टीपुरते वाफवा, मग पातळ चिरून, वर पातळ कापड टाकून कडक वाळवा. मोडला की कट आवाज आला पाहिजे. कच्चाच चिरून वाळवलात तर पाण्यात भिजल्यावर तिखटपणा परत जागा होतो, म्हणून आधी वाफ. या कांद्याची भरड, मीठ, मोहरी, मिरे एका पुडीत. भाजलेलं जवस अख्खंच वेगळ्या लहान पुडीत, कारण दळलेलं जवस काही आठवड्यांत खवट होतं. कोरड्या पदार्थात जंतूला वाढायला ओलच नाही. पुडीवर लिहा: दोन चमचे मिश्रण, जवस कुटून घाला, गरम पाणी, दहा मिनिटांनी दोन लिंबं, मग तेल. ताजं करा, ताजं संपवा. पावसाळ्यात पुडीला हवा लागू देऊ नका, नाहीतर ओल धरेल.

शेवटची चिठ्ठी आली आहे: माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली बाटली चालेल का? नाही. माठातलं पाणी आपल्याला गार लागतं, पण फ्रीजच्या चार-पाच अंशांच्या ते जवळपासही येत नाही. दुपारचं ड्रेसिंग उरलं तर संध्याकाळच्या रश्शात ओता आणि चांगली खळखळून उकळी येऊ द्या. वांग्याच्या रश्शात तर ते छानच लागतं.