मेंदूचं म्हातारपण : भाग ७
आधी चाल बिघडते

मागच्या आठवड्यात कंपवात पाहिला. त्याच्याशी ज्याची वारंवार गल्लत होते, तो आजार आज घेऊ : नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. डॉक्टर त्याला ‘एनपीएच’ म्हणतात. तो बहुधा साठीनंतर दिसतो.

“पाय भुईले चिकटल्यावानी होते,” असं घरातला बुढा सांगतो. घरचे त्याला गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरकडे नेतात. पुढे मोरीपर्यंत पोचायच्या आत धोतर ओलं होऊ लागतं, तेव्हा प्रोस्टेटची तपासणी होते. विसरणं तर वयाच्या खात्यावरच जमा. अमरावती असो की अकोला, तीन तक्रारी तीन दवाखान्यांत फिरतात आणि त्यांची सांगड कुणी घालत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण म्हातारपणी चाल आणि बुद्धी मंदावणाऱ्या आजारांपैकी उपचाराने सुधारू शकणारे मोजकेच आहेत आणि हा त्यांतला एक.

मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत दिवसाला सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होतं. एका वेळी मात्र मेंदू आणि मणक्यात मिळून ते साधारण १५० मिलीलिटरच असतं, बाकीचं रक्तात शोषलं जातं. हे शोषण बिघडलं की पोकळ्या फुगतात, पण सुईने दाब मोजला तर तो वाढलेला दिसत नाही. कोलंबियातल्या बोगोटा शहराचे न्यूरोसर्जन सालोमोन हाकीम यांनी हे कोडं ओळखलं आणि १९६५ मध्ये सहकाऱ्यांसह जगापुढे मांडलं.

चाल नीट पाहा. पावलं आखूड, पायांत अंतर जास्त, वळताना बरीच लहान पावलं. हात मात्र बऱ्यापैकी हलतात. कंपवातात ते हलणं कमी होतं. मोबाइलवर चालण्याचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, आणि चाल, लघवी, विसरणं या तिन्ही तक्रारींतलं आधी काय सुरू झालं तेही सांगा.

स्कॅनमध्ये पोकळ्या मोठ्या दिसल्या की कमरेतून ३० ते ५० मिलीलिटर पाणी काढून चाल पुन्हा तपासतात. इथे आपल्याकडची माणसं घाबरतात. मणक्यातलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, हा समज खेड्यांत आहे तसा शहरातही आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि सुई त्याच्या खाली जाते. म्हणून त्या भीतीपोटी तपासणी टाळू नका. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती आधी सांगा. आणि चाल त्या दिवशी सुधारली नाही, एवढ्यावरून हा आजार नाही असंही ठरत नाही.

उपचार म्हणजे शंट : त्वचेखालून नळी टाकून डोक्यातलं जादा पाणी पोटात सोडायचं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९९ रुग्णांना शंट बसवला. काहींच्या शंटमधला व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी सोडणारी झडप, उघडा ठेवला, काहींचा जवळजवळ बंद. तीन महिन्यांनी उघड्या व्हॉल्व्हवाल्यांचा चालण्याचा वेग स्पष्ट वाढला होता आणि त्यांचं पडणंही कमी झालं होतं. स्मृतीत तसा ठळक फरक दिसला नाही. मेंदूभोवती रक्त साचण्याचा धोका मात्र उघड्या व्हॉल्व्हवाल्यांत जास्त होता. म्हणून ऑपरेशनपूर्वी फायदा आणि धोका दोन्ही विचारून घ्या. नंतर डोकं दुखू लागलं, ताप आला किंवा चाल पुन्हा बिघडली, तर थांबू नका. बाहेरून जुळवता येणारा व्हॉल्व्ह असेल, तर एमआरआयनंतर त्याची जुळणी तपासून घ्यायला सांगा.