इगतपुरीचा कातळ आणि समुद्राचे आम्ल

इगतपुरीच्या घाटमाथ्यावर पडणारा पाऊस दोन वाटांनी समुद्राला जातो. पूर्वेच्या उतारावरचे पाणी दारणेतून गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागरापर्यंत पोचते. थळ घाटाखाली उतरलेले पाणी भातसा आणि उल्हास नद्यांतून अरबी समुद्र गाठते. दोन्ही वाटांनी डोळ्यांना न दिसणारी एक गोष्ट पाण्याबरोबर जाते, ती म्हणजे काळ्या कातळातून विरघळलेले क्षार. समुद्राचे रसायन आणि पृथ्वीचे हवामान यांचा संबंध शोधणाऱ्यांना आज या क्षारांचे मोठे कुतूहल आहे.

हा कातळ म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर सह्याद्रीत एकावर एक बसले आहेत आणि त्यांतल्या एका थरसमूहाला भूवैज्ञानिकांनी इगतपुरीचेच नाव दिले आहे. पावसाचा थेंब हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो. मातीत मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून सुटलेला वायू त्यात मिसळतो आणि पाणी किंचित आम्ल होते. हे सौम्य आम्ल बेसाल्टमधील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवते आणि त्या क्रियेत वायूचे बायकार्बोनेट बनते. मागे चिकणमाती उरते, बायकार्बोनेट नदीबरोबर निघून जाते. भूगोलाच्या पुस्तकात आपण याला रासायनिक विदारण म्हणतो.

फ्रेंच संशोधकांनी दख्खनच्या नद्यांचे पाणी तपासून २००१ साली या झिजेचा हिशेब मांडला. २००५ साली अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतील शास्त्रज्ञांनी कृष्णेचे खोरे आणि सह्याद्रीतील नद्या अभ्यासल्या. जिथून पाणी अधिक वाहते तिथे कातळ अधिक वेगाने झिजतो, हे त्यांच्या मोजमापांतून दिसले. जगाच्या जमिनीत बेसाल्टचा वाटा जेमतेम पाच टक्के आहे, पण सिलिकेट खडकांच्या विदारणात खर्च होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे तिसरा हिस्सा एकटा बेसाल्ट घेतो.

समुद्राला या क्षारांची गरज का, हे शाळेतल्या एका प्रयोगावरून कळेल. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की ती दुधाळ होते, एवढे सर्वांना आठवते. पण फुंकत राहिले तर ती पुन्हा स्वच्छ होते. आधी तयार झालेला कॅल्शियम कार्बोनेट जादा कार्बन डायऑक्साइडमुळे विरघळतो. शिंपल्या, कालवे आणि प्रवाळ यांची घरे याच कॅल्शियम कार्बोनेटची असतात.

माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा समुद्राने शोषला आहे. त्यामुळे औद्योगिक क्रांतीपूर्वी ८.२ च्या आसपास असलेला पृष्ठजलाचा सामू ८.१ पर्यंत उतरला. आकडा छोटा दिसतो, पण ही मोजपट्टी दहाच्या घातांकांची आहे; हायड्रोजन आयनांचे प्रमाण यात पाव हिश्शाहून अधिक वाढले. समुद्राचे पाणी अजून अल्कधर्मीच आहे आणि शिंपल्या उद्या विरघळणार नाहीत. मात्र कवच घडवायला लागणारे कार्बोनेट कमी झाल्याने त्यांचे कष्ट वाढतात. शिवाय पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्याशी खालचे पाणी वर सरकते. त्यात मुळातच प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या समुद्रात अशा बदलांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून आहे.

मग सह्याद्रीचा कातळ समुद्राला सावरील का? सावरील, पण त्याच्या वेगाने. जगभरचे सिलिकेट विदारण वर्षाला सुमारे ५० कोटी टन कार्बन डायऑक्साइड खर्च करते. कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण ३,७०० कोटी टनांच्या आसपास सोडतो, म्हणजे सत्तर पटींहून अधिक. पृथ्वी तापली की पाऊस आणि विदारण वाढते, वायू घटतो आणि पृथ्वी पुन्हा निवते. परंतु या चक्राला लाखो वर्षे लागतात.

हा वेग वाढवण्याचा एक उपाय आता शेतात आला आहे. बेसाल्ट दळून भुकटी केली की पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. छत्तीसगडमधील लहान भातशेतकऱ्यांच्या शेतांत अशी भुकटी पसरणाऱ्या ‘माती कार्बन’ या उपक्रमाला एप्रिल २०२५ मध्ये एक्सप्राइझ स्पर्धेचे ५ कोटी डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले. झिजणाऱ्या भुकटीतून पिकाला कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका मिळते, हा शेतकऱ्याचा फायदा.

शंका मात्र खऱ्या आहेत. दगड दळायला आणि वाहून न्यायला इंधन लागते. बेसाल्टमध्ये निकेल आणि क्रोमियमही थोडे असते. युरियातून मातीत नायट्रिक आम्ल तयार झाले तर भुकटी त्यानेच झिजते आणि हवेतला वायू जागेवरच राहतो. शिवाय समुद्रात जीव कवच बांधतात, तेव्हा बायकार्बोनेटमधला निम्मा कार्बन पुन्हा वायू होऊन सुटतो. म्हणून शेतात किती भुकटी टाकली यावरून काहीच सिद्ध होत नाही; तिथून वाहणाऱ्या पाण्यात किती बायकार्बोनेट वाढले, हे मोजावे लागते.

इगतपुरी तालुक्यात कातळ आहे, भातखाचरे आहेत आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आहे. कार्बन कमी केल्याचा दाखला विकणारे उद्या इथेही येतील. त्यांना पहिला प्रश्न विचारावा: खाचरातून दारणेत उतरणारे पाणी भुकटीपूर्वी तपासले होते का, आणि नंतर किती वर्षे तपासणार?