पुनर्वापराची प्लास्टिक पाण्याची बाटली

पुनर्वापराची प्लास्टिक पाण्याची बाटली ही पिण्याचे पाणी सोबत नेण्यासाठी वारंवार भरून वापरली जाणारी बाटली होय. तिच्या वापरात आरोग्याच्या दृष्टीने दोन बाबी महत्त्वाच्या ठरतात: प्लास्टिकमधून पाण्यात उतरणारी रसायने आणि अस्वच्छतेमुळे वाढणारे सूक्ष्मजीव.

प्लास्टिकचे प्रकार

बाटलीच्या तळाशी त्रिकोणात असलेला अंक प्लास्टिकचा प्रकार दर्शवतो. ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेत पुनर्चक्रणाच्या सोयीसाठी सुरू झाली. तो अंक सुरक्षिततेची हमी नव्हे. १ म्हणजे पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट (पेट), २ म्हणजे उच्च घनतेचे पॉलिइथिलीन, तर ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ७ या अंकात पॉलिकार्बोनेटसह इतर सर्व प्रकार येतात.

रसायने

विकत मिळणाऱ्या पाण्याच्या बाटल्या बहुधा पेटच्या असतात. पेट सुमारे ७० ते ८० अंश सेल्सियस तापमानाला मऊ होऊ लागते, म्हणून तिच्यात उकळते पाणी भरू नये. पेटच्या निर्मितीत उत्प्रेरक म्हणून वापरलेले अँटिमनी अल्प प्रमाणात पाण्यात उतरते व उष्णतेने हे प्रमाण वाढते. त्यामुळे भरलेली बाटली उन्हात उभ्या वाहनात ठेवणे टाळावे. पॉलिकार्बोनेटमधून बिस्फेनॉल ए हे संप्रेरकांच्या कार्यात अडथळा आणणारे रसायन उतरू शकते. युरोपीय संघाने २०११ मध्ये शिशूंच्या दुधाच्या बाटल्यांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली.

सूक्ष्मजीव

तोंड लावून पाणी प्यायल्याने लाळेतील जिवाणू बाटलीत शिरतात व आतील पृष्ठभागावर बुळबुळीत जैवपटल तयार होते. केवळ पाण्याने विसळल्यास ते निघत नाही. उकळून थांबलेल्या किंवा आरओ यंत्राने शुद्ध केलेल्या पाण्यात क्लोरीन जवळजवळ उरत नाही. त्यामुळे पाणी शुद्ध असले तरी अस्वच्छ बाटलीत जिवाणू वाढू शकतात. सरबत किंवा दूध भरल्यास ही वाढ अधिक वेगाने होते.

स्वच्छता

* बाटली रोज साबण व कोमट पाण्याने, लांब दांड्याच्या ब्रशने घासावी.
* झाकणाचे आटे, रबरी कडी व नळी वेगळी करून धुवावी.
* धुतल्यानंतर बाटली उघडी व उपडी ठेवून पूर्ण कोरडी करावी.
* निर्जंतुकीकरणासाठी १ लिटर पाण्यात १ चहाचा चमचा सुगंधविरहित घरगुती ब्लीच मिसळून ते द्रावण किमान ३० सेकंद बाटलीत ठेवावे. नंतर पिण्याच्या पाण्याने विसळावे.
* ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो.

ओरखडे, तडे किंवा न जाणारा वास असलेली बाटली बदलावी, कारण ओरखड्यांतील जैवपटलापर्यंत ब्रश पोहोचत नाही.